सव्वादोनचे अश्रू

दोन वाजून दहा मिनिटं झाली आणि टॅलोफील्ड गावच्या नदीकाठच्या बागेत चारशे माणसं चिडीचूप झाली. अग्निशमन दलाच्या टपरीवर कांदा आणि सॉसेज परतणाऱ्या माणसानंसुद्धा शेगडी बारीक केली. घडीच्या खुर्च्या, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, बाबागाड्या, सगळ्यांचा रोख एकीकडे: रेडगम झाडाच्या लाकडातून कोरलेली, मान खाली घालून उभी असलेली एक बाई. पुरुषभर उंच. आजूबाजूला गंजलेल्या नांगराचे फाळ जोडून केलेला शहामृग होता, पत्र्याचा मासा होता, शाळेच्या पोरांनी केलेली सिमेंटची बेडकं होती. त्यांच्याकडे कुत्रंही फिरकत नव्हतं.

"श्वास घ्या," गॅरिक म्हणाला. पायात काही नाही, अंगात चुरगळलेला पांढरा सदरा, आवाजात मध. "माता ओझं उचलतेय. तुमच्या गुडघ्यांचं, तुमच्या साखरेचं, तुमच्या रक्तदाबाचं. डॉक्टरांना विचारू नका! त्यांच्या यंत्रांना तिचं कंपन अजून मोजता आलेलं नाही."

कंपन कशानं मोजतात ते त्याला तरी कुठे ठाऊक होतं! दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा गृहस्थ कॅरव्हॅनला लावायचे तंबू विकत गावोगाव फिरायचा. पण ते आठवायला कुणाला सवड होती?

शेजारच्या विलोच्या झाडाची सावली सरकली. ऊन बाईच्या कपाळावर आलं, मग डोळ्यांवर. मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. आणि डाव्या बुबुळातून एक गडद लाल थेंब फुगला, ओघळला, गालावरून हनुवटीपर्यंत गेला. मागोमाग उजव्या.

"अगं बाई गं!" पुढच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. चारशे माणसांतून एक लाट गेली. गॅरिकनं कापसाच्या बोळ्यांवर ते थेंब, लोकांना दुखऱ्या जागी लावायला म्हणून, टिपून घेतले आणि डोळे मिटून मान हलवली.

"आज साक्ष कोण देणार? क्लाइव, ऊठ मित्रा."

सगळ्यात मागे, शौचालयाच्या भिंतीला टेकून उभी असलेली एनिड हार्कर ताठ झाली. उठला तो तिचा धाकटा भाऊ होता. चाळीस वर्षं मेंढ्यांची लोकर कातरून कमरेत कायमचा वाकलेला, सहासष्टीचा क्लाइव. त्यानं काठी टाकून दिली, बूट काढला, मोजा काढला आणि तळपाय वर करून लोकांना दाखवला.

"दहा महिने हे भोक भरत नव्हतं," तो म्हणाला. "दवाखान्यात आठवड्यातून तीनदा पट्टी. गुरुवारी शहरात ऑपरेशन होतं, हाड खरवडणार होते. गेलोच नाही मी! बघा, बुजलं की नाही?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हणजे ऑपरेशन रद्द करायचा फोन त्यानं शहरात परस्पर केला होता, आणि एनिडला सांगितलं होतं की तारीख त्यांनीच पुढे ढकलली.

आणि यातली कडू गोष्ट अशी की ती लाकडी बाई एनिडच्याच हातची होती.

एनिड एकाहत्तर वर्षांची. तीस वर्षं गावच्या शाळेत तिनं पोरांना सुतारकाम शिकवलं, म्हणून अर्धं गाव अजून तिला 'बाई'च म्हणतं. पुरात वाहून आलेला रेडगमचा ओंडका तिनं चार वर्षं पडवीत वाळवला आणि मग आठ महिने कोरला. जित्या रेडगमला जखम झाली की लाल डिंक वाहतो, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. पण चार वर्षं वाळलेल्या लाकडातून डिंक वाहायचा म्हणजे खुंटीवरच्या कातड्याला घाम फुटायचा. हे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

मग ती बोलली का नाही?

बोलली नाही, कारण तिला बरं वाटलं. खरं ते खरं. दर शरद ऋतूत गाव हे प्रदर्शन भरवतं, ज्याला हौस असेल त्यानं आपलं शिल्प बागेत मांडायचं. बारा वर्षं एनिड मांडत आली आणि बारा वर्षं लोक तिच्या शिल्पांना टेकून सॉसेज खात आले. यंदा पहिल्यांदाच माणसं तिच्या कामासमोर टोपी काढून उभी राहिली. आत कुठेतरी डिंकाची एखादी शीर राहिली असेल, उन्हानं उघडली असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. दोन दिवस ती गप्प बसली. त्या दोन दिवसांत क्लाइव गॅरिककडे गेला.

तिसऱ्या दिवशी ती बोलायला गेली, तेव्हा ऐकायला कुणी उरलंच नव्हतं. प्रदर्शन समितीची अध्यक्ष डेल्फिन हिनं तिचे दोन्ही हात धरले. "एनिड, तुझ्या हातात देव उतरला होता, तुला कळलंसुद्धा नाही!"

"डेल्फिन, ते लाकूड मी वाळवलंय. त्यात ओल नाही, डिंक नाही, देव तर नाहीच नाही."

"तू घडवलीस म्हणून तुलाच सगळं कळतं असं थोडंच आहे?"

कप्पाळ! मंगळवारी आभाळ भरून आलं, थंडी पडली आणि बाई रडली नाही. गॅरिकनं उसासा सोडला. "आपल्यात कुणीतरी संशयी आहे. माता संशयापुढे डोळे मिटते." सगळ्यांनी वळून एनिडकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात तिचा एक जुना विद्यार्थी तिच्याशी न बोलता पुढे गेला.

शनिवारी, साक्ष देऊन झाल्यावर, एनिडनं क्लाइवला त्याच्या घरी गाठलं.

"मला खोटं बोललास?"

"तू नाचली असतीस ना थयथय, म्हणून. ताई, बघ तरी एकदा. बुजलंय."

तिनं चष्मा लावून बघितलं. अंगठ्याच्या मुळाशी जिथे नाण्याएवढं भोक होतं, तिथे गुळगुळीत, काळपट लाल, कातड्यासारखं काहीतरी ताणून बसलं होतं.

"हात लावला तर दुखतं?"

"छट्! मुळीच नाही."

"दुखत तर तुला दहा महिन्यांत कधीच नव्हतं, गाढवा! साखरेनं तुझ्या पायातली जाण मारलीये. परवा चुलीतला निखारा पडला तेव्हा कळलं होतं तुला?"

"झालं तुझं सुरू!" क्लाइव भडकला. "तुला सहन होत नाही, ताई. तुझ्या लाकडानं केलं आणि तुझ्या शाळेतल्या विज्ञानाला जमलं नाही, म्हणून जळतेस तू. ऑपरेशननंतर पाय राहीलच असं ते डॉक्टर लोक लिहून देत होते का? हा माणूस माझ्याजवळ बसतो तरी. माझा हात धरतो. दवाखान्यात कुणी धरला का?"

त्याचे डोळे लाल दिसत होते, कपाळावर घाम होता. "ताप आलाय तुला," ती म्हणाली.

"माता विष बाहेर काढतेय. गॅरिक म्हणाला होता, ताप येईल म्हणून."

काय माणूस होता! बरं वाटलं तर मातेची कृपा, ताप आला तर तीही मातेचीच कृपा. एनिडनं रुग्णवाहिका बोलवायची म्हटली, तर क्लाइवनं दार उघडून तिला वाट दाखवली. मोठ्या माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध उचलून नेता येत नाही. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

रविवारी सकाळी आठ वाजता तिच्या अंगणात गाडी थांबली. दवाखान्यातली परिचारिका लितिया उतरली. फिजी बेटांवरून आलेली, दहा महिने क्लाइवची पट्टी करणारी तीच.

"बाई, शुक्रवारी मी त्यांच्या घरी गेले होते. मला पाय दाखवला नाही, हाकलून दिलं. पण टेबलावर हे होतं, ते उचलून आणलं." तिनं रुमालातून एक लाल कापसाचा बोळा काढला. "वास घ्या."

"डिंक आहे. झाडाचा लाल डिंक."

"त्याच्या खाली?"

एनिडनं पुन्हा हुंगलं. काहीतरी गोडसर होतं, ओळखीचं होतं, पण नाव सुचेना.

"खोबरेल तेल!" लितिया म्हणाली. "मी या वासात वाढले आहे, बाई, झोपेत ओळखेन. आमच्याकडे हे कधी गोठत नाही. इथल्या पहिल्या हिवाळ्यात बाटलीतल्या तेलाचा दगड झालेला बघून मी घाबरलेच होते. आता बघा, रात्रभर हा बोळा गाडीत होता."

लाल कापसावर पांढरे कण थिजून बसले होते. एनिडनं एक कण बोटावर घेतला. दोन क्षणांत तो विरघळला.

आणि मग ती पायरीवरच बसली. कारण बुबुळांची भोकं तिनंच पाडली होती. डोळ्यात सावली पडावी म्हणून बुबुळ खोल कोरतात. तिनं हौसेनं दोन बोटं खोल कोरलं होतं. आणि गॅरिकला तिथवर एकट्यानं पोचायची संधीही तिनंच दिली होती. प्रदर्शनाची जुनी रीत आहे: प्रत्येकानं एकेक दिवस पहाटे बागेत जायचं आणि सगळ्या शिल्पांवरचं दव आणि पाखरांची घाण पुसायची. त्या कडाक्याच्या गारठ्यात कुणाला हौस असते? गॅरिक म्हणाला, "मी पुसतो ना रोज. सेवा आहे ही." सगळ्यांनी हुश्श करून आपापली पाळी त्याला देऊन टाकली. फुकट राबणाऱ्या माणसाला "का रे बाबा?" असं विचारायची टॅलोफील्डमध्ये पद्धत नाही, ते उद्धटपणाचं समजतात. एनिडनं तर वर त्याला केकही नेऊन दिला होता.

"आज प्रदर्शनाचा शेवटचा दिवस," ती उठत म्हणाली. "तू चल. मलमपट्टीची पेटी घे."

त्या दिवशी आभाळ गच्च होतं. बागेत मात्र जत्रा होती, कारण बक्षीस समारंभ होता. लोकांच्या मतांचं बक्षीस कुणाला मिळणार याबद्दल दुमत नव्हतंच. आलेल्या प्रत्येकानं लाकडी बाईच्या नावाची चिठ्ठी टाकली होती. सव्वादोन वाजले. अडीच वाजले. बाईचे डोळे कोरडे.

"माता आज मौन आहे," गॅरिकनं हात जोडले. "मी काय सांगू? तुम्हीच ओळखा."

पुढच्या खुर्चीत क्लाइव बसला होता. चेहरा राखेसारखा झालेला, अंगावर थंडीत दोन कोट. डेल्फिननं घसा खाकरला आणि एनिडचं नाव पुकारलं. मोजक्या टाळ्या पडल्या.

एनिड मंचावर गेलीच नाही. ती चहाच्या टेबलापाशी गेली, मोठ्या भांड्याच्या तोटीखाली टॉवेल धरला, पिळला आणि वाफाळता टॉवेल घेऊन गर्दीतून थेट लाकडी बाईपाशी आली. "मौन सोडवते मी तिचं," ती म्हणाली आणि टॉवेल बाईच्या डोळ्यांवर दाबून धरला.

"स्पर्श करू नका!" गॅरिकचा मध एकदम आटला. "ऊर्जा बिघडेल! कुणीतरी धरा यांना!"

"कोण धरतंय बघू," एनिड म्हणाली. "माझी मूर्ती आहे."

तिनं मनात साठ आकडे मोजले आणि टॉवेल काढला. दोन लाल धारा गालांवरून सरसरत खाली आल्या.

"आई गं! रडली!" एका म्हातारीनं हात जोडले.

"चहाच्या टॉवेलला रडली, आजीबाई," एनिड म्हणाली. तिनं केसातली पिन काढली, डाव्या बुबुळात खुपसली आणि फिरवून ओढली. बाहेर आली कापसाची लांब वात, डिंकाच्या पाण्यात भिजलेली. मग उजव्यातून दुसरी. तिनं त्या दोन्ही वर धरल्या.

"झाडाचा डिंक पाण्यात विरघळवायचा, त्यात कापूस भिजवायचा, भोकात कोंबायचा. तोंडाशी खोबरेल थापायचं, वरून लाकडाचा भुसा, म्हणजे दिसत नाही. पहाटेच्या गारठ्यात तेल दगड होतं. दुपारी ऊन चेहऱ्यावर आलं की वितळतं. बाईची मान खाली, सगळं ओघळून येतं. ढग असले की तेल वितळत नाही, मग म्हणायचं, तुमच्यात संशयी आहे. संपलं! हाच चमत्कार. रोज पहाटे सेवा कोण करत होतं, ते मी सांगायची गरज नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "आज तुम्हीच कशावरून घातला नसेल तो कापूस?" आणि दुसरी एक बाई म्हणाली, "आजचं खोटं असेल. म्हणून आधीचंही खोटं होतं असं कुठे आहे? माझा खांदा थांबलाय ना!"

इतकी चीड एनिडला गॅरिकचीही आली नव्हती.

तेवढ्यात पुढच्या खुर्चीत क्लाइव वाकला. त्यानं बूट काढला, मोजा काढला. मोज्याबरोबर वास आला. जवळच्या दोन बायकांनी नाकाला रुमाल लावला.

"लितिया," तो म्हणाला, "बघतेस का जरा?"

लितिया गुडघ्यांवर बसली. तिनं सलाइनच्या पाण्यानं तो लाल पापुद्रा भिजवला आणि चिमट्यानं कडेपासून हळूच उचलला. डिंक आकसून धरतो, कोरडं करतो, वरून झाकण बसवतो. झाकणाखाली आठ दिवस पुवाला बाहेर यायला वाट नव्हती. तळव्याचं मांस काळं पडलं होतं आणि घोट्यापर्यंत लाल रेघ चढली होती.

"दुखत नाही गं," क्लाइव म्हणाला. त्याला रडू आलं. "खरंच दुखत नाही."

रुग्णवाहिका येईपर्यंत एनिडनं त्याचा हात धरला होता. गॅरिक त्या गडबडीत निघून गेला. पोलिसांनी नंतर विचारपूस केली, पण त्यानं औषध म्हणून काही विकलं नव्हतं, फक्त 'भेट' स्वीकारली होती. तक्रार द्यायला गावातून एक एनिड सोडून कुणी पुढे आलं नाही. आपण फसलो हे लिहून देण्यापेक्षा फसलेलंच राहिलेलं लोकांना परवडलं. उलट, बाहेरून येणारी गर्दी तिनं घालवली, अशी कुजबुज मात्र झाली.

मंगळवारी शहराच्या इस्पितळात क्लाइवचा पाय गुडघ्याखाली कापला. गुरुवारी गेला असता तर एक अंगठा गेला असता, फार तर दोन बोटं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. सांगताना त्यांनी आवाज चढवला नाही. एनिडला वाटलं, चढवायला हवा होता. पहिल्या दोन दिवसांतल्या आपल्या गप्प बसण्याचा हिशोब तिला कुणी विचारला नाही. तो तिचा तिलाच रोज द्यायचा होता.

शुक्रवारी डेल्फिन भेटायला आली. फुलं आणली, घरचा केक आणला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग तिनं दाराकडे बघितलं, पर्समधून एक छोटी डबी काढली आणि क्लाइवच्या उशीखाली सरकवली.

"पहिल्या दिवसाचे आहेत," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तेव्हाचे खरे असतील. दुसऱ्या पायासाठी. ठेव, काय बिघडतंय?"

एनिड खुर्चीतून उठली. क्लाइवनं हात वर करून तिला थांबवलं. त्यानं डबी बाहेर काढली, उघडली, आतले लाल बोळे बघितले.

"डेल्फिन, तुझ्या नवऱ्याच्या हृदयाच्या गोळ्या चालू आहेत ना गं?"

डेल्फिन केकच्या पिशवीची घडी घालायला लागली.

"चालू आहेत का?"

"दहा-बारा दिवस झाले बंद करून," ती पुटपुटली. "त्यालाच बरं वाटत होतं. गॅरिक म्हणाला होता, की..."

"मलाही बरं वाटत होतं," क्लाइव म्हणाला. त्यानं चादर बाजूला केली. "हे बघ. नीट बघ, मान फिरवू नकोस. हे मातेनं नाही नेलं आणि गॅरिकनंही एकट्यानं नाही नेलं. ढग आले की ही बाई रडत का नाही, एवढा एक साधा प्रश्न मला विचारता आला असता. शेळपटच मी! मी मेंढी बघून तिचं वय सांगतो, आणि हे विचारलं नाही, कारण मला उत्तर नको होतं. तू विचार. कुणी काहीही सांगो, विचार, कशावरून? कसं? आणि उत्तर देताना जो चिडेल, त्याच्या हातून पाणीसुद्धा पिऊ नकोस."

डेल्फिन रडायला लागली.

"रडतेस काय? फोन लाव," क्लाइव ओरडला. "घरी फोन लाव आणि त्याला डॉक्टरकडे पाठव. आत्ताच्या आत्ता!"

तिनं नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजत राहिली. खोलीतले तिघंही ती ऐकत होते, आणि फोन कुणी उचलत नव्हतं.